कालिंदीच्या वेळच्या गोळ्या

शेवंताकाकीने कधी कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. लालबागच्या आमच्या चाळीत आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. नळावर कुणी तिचा हंडा मागे सरकवला, तर ती त्या बाईशी वर्षभर बोलायची नाही, आणि वर्षानंतर बोलायला लागली की आधी तो हंडाच काढायची. नवरा गणपत घाडी गिरणीत साचे चालवायचा. मान खाली घालून कामावर जायचा, मान खाली घालून परत यायचा. त्या घरात आवाज होता तो काकीचा.

हा आवाज एकाच माणसापुढे खाली यायचा. ठाकूरद्वारला डॉक्टर त्रिलोकेकरांचं बाळंतपणाचं नर्सिंग होम होतं. लग्नानंतर काकीला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिलं नाही. सासू गावाहून निरोप धाडायला लागली, दुसरी बायको करण्याची भाषा निघाली. तेव्हा ठाकूरद्वारच्या एका वाडीत राहणाऱ्या नणंदेने तिला या डॉक्टरांकडे नेलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी तिला गर्भ टिकण्याच्या गोळ्या दिल्या. बारक्या, पांढऱ्या. महिनोन् महिने तिने त्या देवाचा अंगारा घ्यावा तशा घेतल्या, आणि कालिंदी झाली.

त्यानंतर डॉक्टर म्हणजे तिचा देव. गावाहून आंबे आले की पहिली पाटी ठाकूरद्वारला. दर गणपतीत कालिंदीला नवा फ्रॉक घालून ती डॉक्टरांकडे घेऊन जायची आणि त्यांच्या पायांवर घालायची. डॉक्टर मुलीच्या डोक्यावर हात ठेवायचे, पेढा द्यायचे. फ्रॉकची परकर-पोलकी झाली, पोलक्यांच्या साड्या झाल्या, तरी ते चुकलं नाही.

ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, होळीपर्यंत मिटेल. मग कुणी तसं म्हणेनासं झालं. गणपतकाका सकाळी डबा न घेताच गिरणीच्या गेटपर्यंत जायचा आणि बंद गेट बघून परत यायचा. काकीने रडत बसण्यापेक्षा माहेराहून सुके बोंबील, सुकट मागवली आणि पाटी घेऊन दारोदार फिरायला लागली. कालिंदी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कॉलेज सोडून दादरला एका कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जायची. ती माझ्याहून वर्षाने मोठी, आणि मला सगळं सांगायची. पण अंगावरून मधूनच रक्त जातंय, पाळी संपली तरी थांबत नाहीये, हे तिने मलासुद्धा सांगितलं नाही. मशीनवर बसून बसून असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

काकीच्या लक्षात आलं ते मोरीत भिजत घातलेल्या कपड्यांवरून. ती तिला घेऊन ठाकूरद्वारला गेली. दुसरीकडे नेण्याचा प्रश्नच नव्हता.

डॉक्टरांनी कालिंदीला तपासलं नाही. लग्न न झालेली मुलगी, तिला आतून कशाला तपासायचं, असं म्हणाले. तिला बाहेर बसायला सांगून काकीला म्हणाले, की संपाचे दिवस आहेत, घरात कुणाचं लक्ष नसतं, मुलगी दिवसभर बाहेर असते. कुठे पाय घसरला आहे का बघा आणि चांगलं स्थळ बघून लग्न लावून टाका. रक्त थांबायला काहीतरी औषध लिहून दिलं.

घरी आल्यावर काकीने दार लावून घेतलं. तो कोण, त्याचं नाव सांग, एवढंच ती विचारत राहिली आणि मारत राहिली. कालिंदीकडे सांगायला नाव नव्हतं. सगळ्या मजल्याला ऐकू जात होतं. शेवटी गणपतकाका मध्ये पडला. काकीच्या हातातलं लाटणं त्याने काढून घेतलं. त्याने बायकोचा हात धरल्याचं आम्ही आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

काही आठवड्यांनी कालिंदी कारखान्यात चक्कर येऊन पडली. कारखान्यातल्या बायकांनी तिला टॅक्सीत घालून परळच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथे पहिल्यांदा तिला नीट तपासलं, आतला तुकडा काढून पाठवला, आणि रिपोर्ट आल्यावर कॅन्सरच्या हॉस्पिटलात जायला सांगितलं.

तिथे डॉक्टर सबनीस नावाच्या बाई होत्या. चाळिशीच्या, बारीक आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी मायलेकींना समोर बसवून सांगितलं, की कालिंदीला गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर झाला आहे. या जागेचा कॅन्सर बहुतेक वेळा मोठ्या वयाच्या, लेकुरवाळ्या बायकांना होतो. हा तसला नाही. याच्या पेशी वेगळ्या दिसतात. हा क्वचितच होतो, आणि अशा कोवळ्या पोरींना झालेला दिसतो. मग त्या काकीकडे वळल्या.

"कालिंदीच्या वेळी गर्भ टिकावा म्हणून काही गोळ्या घेतल्या होत्या का तुम्ही?"

काकीने मोठ्या अभिमानाने सांगितलं, की घेतल्या होत्या. कुणी दिल्या, किती मोठे डॉक्टर, तेही सांगितलं.

 सबनीसबाईंनी तिला सावकाश समजावलं. त्या गोळ्या परदेशातही लाखो बायकांना दिल्या गेल्या. पोटातल्या मुलींच्या अंगावर त्यांचा परिणाम राहून गेला आणि त्यातल्या थोड्या मुलींना वयात आल्यावर हा कॅन्सर झाला. हजारात एखादीला, पण झाला. कालिंदीला त्यामुळेच झाला असं त्या छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हत्या, पण त्यांना तसं वाटत होतं. तुम्ही घेतल्या तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, असंही त्या म्हणाल्या. ते कळलं एकाहत्तरच्या सुमाराला.

"पण गोळ्या नसत्या तर पोरगी जगली असती का?" काकीने विचारलं.

"त्या गोळ्यांनी गर्भ टिकतच नव्हता, बाई. ते तर आधीच सिद्ध झालं होतं. कालिंदी टिकायची होती, म्हणून टिकली."

हे ऐकल्यावर काकी जी गप्प झाली, ती ऑपरेशनच्या दिवसापर्यंत. इतकी वर्षं ती ज्याच्या पायांवर पोरीला घालत होती, त्याने काहीच दिलं नव्हतं. उलट घेतलं होतं.

ऑपरेशन मोठं होतं. गर्भपिशवी, तिच्या खालचा थोडा भाग आणि आजूबाजूच्या गाठी काढायच्या होत्या. अंडाशय ठेवता येतील, म्हणजे या वयात म्हातारपणाचे त्रास सुरू होणार नाहीत, असं सबनीसबाईंनी सांगितलं. मूल मात्र कधीच होणार नाही. कालिंदीने विचारलं, मी जगेन ना. वेळेत सापडलंय, बहुतेक मुली जगतात, असं त्या म्हणाल्या. पण वर्षानुवर्षं तपासायला यावं लागेल, कारण हा आजार उशिरासुद्धा परत डोकं काढतो. कालिंदीने सही केली. गणपतकाकाच्या खात्यातले साचेवाले रक्त द्यायला आले. वर्षभर पगार नव्हता, नीट जेवण नव्हतं. त्यातल्या निम्म्यांना तुमच्याच अंगात रक्त कमी आहे म्हणून परत पाठवलं, तर ते बाहेर फुटपाथवर बसून राहिले.

कालिंदी वाचली. टाके निघाले त्या दिवशी काकी एकटी ठाकूरद्वारला गेली.

त्रिलोकेकरांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट झालं म्हणाले. त्या काळी सगळेच ती गोळी देत होते, मोठमोठ्या पुस्तकांत लिहिलेलं होतं, असं त्यांनी तिला समजावलं. काकीने विचारलं, मग तुम्हांला हे खरं कधी कळलं. ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. बऱ्याच वर्षांपूर्वी कुठेसं वाचलं होतं, म्हणाले. तेव्हापासून त्यांनी गोळी देणं बंद केलं होतं. पण आधी इतक्या बायका येऊन गेलेल्या, कोण कुठे गेली, कुणाला आणि कुठे शोधणार.

"मला शोधायची तुम्हांला गरज नव्हती, डॉक्टर," काकी म्हणाली. "मी दर गणपतीत पोरीला घेऊन तुमच्या दारात येत होते."

डॉक्टरांनी हात पेपरवेटवर ठेवला.

"आणि ती रक्त जातं म्हणून आली, तेव्हा तरी तुम्हांला आठवायला पाहिजे होतं."

"विसरलो," डॉक्टर म्हणाले.

त्या एका शब्दावर काकी उठली. दुसरं काहीही बोलले असते, तर कदाचित तिने शिव्या दिल्या असत्या, रडली असती, आणि तिथेच संपलं असतं. विसरलो म्हणाले आणि काकीच्या लेखी संपले ते.

दुसऱ्या दिवसापासून तिची पाटी नर्सिंग होमसमोरच्या फुटपाथवर बसायला लागली. पायरीच्या अगदी समोर, जिन्यावरून उतरणारी प्रत्येक बाई तिला ओलांडूनच जाईल अशी. सुक्या बोंबलांचा वास दिवसभर आत जायचा. पण तिचा वार वासाचा नव्हता. पोट पुढे आलेली बाई दिसली की ती हाक मारायची. "बाय, ह्याच्या हातची गोळी खाव नको. माझ्या चेडवाची पिशवी काढूची लागली." बाई घाबरून विचारायची, की काय झालं. काकी सगळं सांगायची, एकही शब्द न वाढवता. सोबत सासू असेल तर तिलाही.

डॉक्टरांच्या माणसांनी तिला हुसकलं. मग हवालदार आला. ती पाटी उचलून कोपऱ्यापर्यंत जायची आणि हवालदार वळला की परत यायची. मग आमच्या चाळीतल्या अंबिकामावशी आणि आणखी काही संपवाल्यांच्या बायका आपापल्या टोपल्या घेऊन तिच्या शेजारी बसायला लागल्या. हवालदारही कंटाळला. त्याची बायको कुठल्या डॉक्टरकडे जाते, हे काकीने त्याला विचारून ठेवलं होतं.

पावसाळ्यानंतर गिरगावातल्या एका हॉलमध्ये डॉक्टरांचा सत्तरीचा सत्कार ठरला. वॉर्डातले मोठे लोक, मंडळाचे कार्यकर्ते, त्यांच्या हातून जन्मलेली माणसं. काकी मलाही घेऊन गेली. तिच्या पिशवीत काय होतं ते मला माहीत नव्हतं. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि हार घालायला कुणी यायचंय का असं विचारलं तेव्हा काकी उठली. नऊवारी नेसलेली, कपाळावर मोठं कुंकू. सगळ्यांना वाटलं, जुनी पेशंट आहे. तिने स्टेजवर जाऊन पिशवीतून सुक्या बोंबलांची माळ काढली आणि शालीवरून त्यांच्या गळ्यात घातली. मग माइककडे तोंड करून, माइकची गरज नसलेल्या आवाजात, तिने कालिंदीची सगळी हकिकत सांगितली. नाव, चाळ, गोळ्या, ऑपरेशन, काय काय कापून काढलं, सगळं. डॉक्टरांनी माळ काढली नाही. त्यांचे हात मांडीवर तसेच होते. कुणीतरी माइक बंद केला, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं.

परत येताना काकी ताठ मानेने चालत होती. ऑपरेशननंतर प्रथमच ती पोटभर जेवली, असं गणपतकाकाने माझ्या आईला सांगितलं.

कालिंदीला मात्र हे दुसऱ्या दिवशी कारखान्यात कळलं. शेजारच्या मशीनवरची मुलगी तिच्या पोटाकडे बघत होती. ती दुपारीच घरी आली. मी तेव्हा त्यांच्याच खोलीत होते. तिने आवाज चढवला नाही.

"आये, डॉक्टरांना लाज वाटली की नाही ते मला माहीत नाही. मला वाटली. माझं पोट तू स्टेजवर उघडून दाखवलंस."

काकी म्हणाली, की मी तुझ्यासाठी केलं.

"तुझ्या स्वतःसाठी केलंस. माझा राग माझ्याकडे आहे. तो मी बघून घेईन."

किती तरी दिवस दोघी बोलल्या नाहीत. काकी पाटी घेऊन बसत राहिली, पण हाका मारायचं तिने सोडलं. आता गरजही उरली नव्हती. नर्सिंग होमच्या जिन्यावर दिवसाकाठी एखादी बाई दिसायची.

मग एक दिवस जवळच्या वाडीतली रखमा नावाची बाई पदरात तोंड लपवून पाटीपाशी आली. बोंबील घेण्याचं निमित्त केलं आणि विचारलं, माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, तिच्या वेळी मीही त्याच गोळ्या घेतल्या होत्या, आता काय करू. काकीने तिला थेट कालिंदीकडे पाठवलं. कालिंदी त्या मायलेकींना सबनीसबाईंकडे घेऊन गेली. मुलीला कॅन्सर नव्हता, पण आतल्या अस्तरात फरक होता, दर काही महिन्यांनी तपासावं लागणार होतं. बाहेर आल्यावर रखमा कालिंदीचा हात सोडेना. अशा आणखी कितीजणी असतील, हे कालिंदीच्या डोक्यात तिथेच बसलं.

ती त्रिलोकेकरांकडे गेली, एकटी. तिने त्यांच्याकडे नावं मागितली नाहीत. ती म्हणाली, "तुम्ही माझ्याबरोबर चला. ज्या ज्या घरातली बाई आठवते, त्या घरी जायचं. दारात उभं राहून तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगायचं."

डॉक्टर म्हणाले, मी म्हातारा आहे, मला जिने चढवत नाहीत. कालिंदी म्हणाली, टाक्यांचं पोट घेऊन मी चढते. हो म्हणेपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही.

आणि मग रविवारच्या रविवारी ठाकूरद्वारच्या वाड्यांतून ही वरात निघायला लागली. पुढे पांढरी पँट, पांढरा शर्ट घातलेले डॉक्टर, कठड्याला धरून एकेक पायरी चढणारे. त्यांच्या मागे कालिंदी. आणि खाली जिन्याशी पाटी घेऊन शेवंताकाकी. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती आलीच. दार उघडलं की डॉक्टरांना सांगावं लागायचं, मी अमुक साली तुम्हांला गोळ्या दिल्या, त्या चुकीच्या होत्या, मुलीला परळला तपासायला न्या. ते हळू बोलले तर कालिंदी म्हणायची, मोठ्याने सांगा, त्यांना ऐकू आलं नाही. काहींनी दार तोंडावर लावलं. एकाने कॉलर धरली. एका म्हातारीने, काही न कळून, तुमच्यामुळे मला नातू मिळाला म्हणत त्यांचे पाय धरले. तेव्हा डॉक्टरांनी वळून कालिंदीकडे बघितलं, की आता तरी पुरे. कालिंदीने पुढचं दार दाखवलं.

एका वाडीत तिसऱ्या मजल्यावर जाईबाई राहायच्या. त्यांना मुलगी होती हे डॉक्टरांना आठवत होतं. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो होता. दोन वर्षांपूर्वी गेली, रक्त जाऊन जाऊन. डॉक्टर कठड्याकडे वळले. "सांगा," कालिंदी म्हणाली. ते उंबऱ्याबाहेर पायरीवर बसले आणि बसूनच त्यांनी सांगितलं.

जाईबाई चौकटीला धरून ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी डॉक्टरांना नाही, कालिंदीला विचारलं.

"म्हणजे माझ्या पोरीचं काही चुकलं नव्हतं ना?"

कालिंदी नाही म्हणाली. जाईबाई आत गेल्या आणि फोटोखाली भिंतीला टेकून बसल्या. दार उघडंच राहिलं. खाली जिन्याशी काकीने हे सगळं ऐकलं होतं. लाकडी जिन्यात कुजबुजही खाली पोचते.

त्या दिवशी मायलेकी ठाकूरद्वारहून लालबागपर्यंत चालत आल्या. भायखळ्याचा पूल उतरल्यावर काकी म्हणाली, "त्या दिसा मी तुका मारलंय."

"माका आठवता," कालिंदी म्हणाली.

पुढे घरापर्यंत पाटीची एक बाजू कालिंदीने धरली होती. हे तिने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं.

पुढच्या रविवारी नर्सिंग होमला कुलूप होतं. डॉक्टर पुण्याला मुलाकडे निघून गेले होते. परत आले नाहीत. काही महिन्यांनी नर्सिंग होमचा बोर्ड उतरला, खाली एका स्टेशनरीवाल्याने दुकान टाकलं. ज्या घरांत डॉक्टर जाऊन आले होते, त्यातल्या एका मुलीला खरंच कॅन्सर निघाला, अगदी सुरुवातीचा. तिचंही ऑपरेशन झालं. ती अजून आहे.

संप कधी मिटला हे कुणालाच सांगता येत नाही, कारण तो मिटलाच नाही. गणपतकाकाला साचे परत मिळाले नाहीत. तो एका बिल्डिंगचा वॉचमन झाला आणि वॉचमन असतानाच गेला. कालिंदीचं लग्न नव्वदच्या आसपास करी रोडच्या भिवाशी झालं. पाहायला आला तेव्हा तिने त्याला स्वतःबद्दल काही सांगायचंय म्हटलं. तो म्हणाला, सांगायचं काही राहिलंय का, माझी आत्या त्या हॉलमध्ये होती. कालिंदीला हसू आवरेना. आईवर ती त्या बाबतीत शेवटपर्यंत चिडून होती, तरी ही गोष्ट ती आईला दरवेळी सांगायची.

डॉक्टर वारल्याची बातमी लालबागला उशिरा पोचली. नणंदेच्या वाडीतून कुणीतरी सांगत आलं, शेवटी शेवटी त्यांना चालता येत नव्हतं, फार हाल झाले. काकी ऐकत होती. मग ती उठून बाजारात गेली आणि मोठे, ताजे बांगडे घेऊन आली. तिखलं केलं, भात केला, मलाही बोलावलं. दुखवट्याचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. तिने माझ्या पानात दुसरा बांगडा वाढला आणि म्हणाली, पोटभर जेव.

कालिंदीही आली होती, कॅन्सरच्या हॉस्पिटलातून वर्षाची तपासणी करून, सगळं ठीक असल्याचं ऐकून. जेवताना मी तिला विचारलं, आता तरी राग गेला का. तिने काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"दोन वाड्या बाकी ठेवून पळाला," ती म्हणाली. "तिथले जिने आम्हांला चढावे लागले."